चिखलाचा हिशेब

म्हैसुरात धुळीची डाळ शिजत नाही. उजाडायच्या आत आमच्या सरस्वतीपुरमच्या गल्लीत खराटे सुरू होतात, दारोदार पाणी मारलं जातं, उंबऱ्यापुढे रांगोळी उमटते. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे गाव देशात पहिलं आलं होतं आणि ते अजून कुणी विसरलेलं नाही. रस्त्यावर कागदाचा कपटा पडला तर शेजारचे निवृत्त प्राध्यापक त्या सर्वेक्षणाची आठवण करून देतात. दसरा जवळ आला की राजवाड्यापासून रिक्षापर्यंत जे दिसेल ते घासूनपुसून लख्ख होतं. अशा गावात राहून मी संध्याकाळी टेबलाशी बसतो आणि नव्याकोऱ्या वस्तू मळवतो.

या वस्तू म्हणजे प्लॅस्टिकचे रणगाडे. खोक्यात सुटे भाग येतात. ते कापायचे, कानशीनं घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. इथवर कुणाची काही हरकत नसते. 'छंद आहे बिचाऱ्याचा' म्हणून नातेवाईक सोडून देतात. पण रंगवून झाल्यावर त्याच रणगाड्याला गंज चढवायचा, रंगाचे टवके उडवायचे, तेलाचे ओघळ सोडायचे, चिखल थापायचा, हे सुरू झालं की बघणाऱ्याचा चेहरा बदलतो. मॉडेलवाले याला वेदरिंग म्हणतात. आमच्या घरात याला 'घाण करणं' म्हणतात. "अहो, इतका छान झालाय, आता नका ना घाण करू," ही विनंती दर रणगाड्याला होते, आणि त्या टप्प्यावर तो खरोखरच छान दिसत असतो.

खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा हा कारभार. पावणेसहा मीटरचा अमेरिकन शर्मन रणगाडा टेबलावर येतो तो जेमतेम सतरा सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभरही नाही. आता पस्तीसच का, तीस किंवा चाळीस का नाही? जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया कंपनी आधी लाकडी मॉडेलं करायची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल काढायला घेतलं, आणि ते मोटरवर चालायला हवं होतं. मोटर आणि सेल पोटात मावतील एवढं अंग धरलं. मग मोजून पाहिलं तेव्हा ते पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास निघालं. तो आकडा पुढे जगभर रूढ झाला. कंपनी ज्यांनी मोठी केली ते शुनसाकू तामिया २०२५ च्या जुलैत गेले, नव्वद वर्षांचे होऊन. जगातल्या लाखो कपाटांत जी सेना उभी आहे तिची उंची सेलच्या मापानं ठरली, ही गोष्ट मला कुठल्याही युद्धाच्या इतिहासापेक्षा भरवशाची वाटते.

रंग बहुतेक परदेशी, आणि त्यांच्या किमती घरात मोठ्यानं उच्चारायच्या नसतात. मळ मात्र स्वदेशी. ऑइल कलरच्या ट्यूबा कॅमलच्या: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, थोडा काळा. कॅमलच्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईची पूड विकायला सुरुवात केली, त्या घराण्यातला रंग पुढे म्हैसुरात अमेरिकन रणगाड्याच्या बुडाला लागेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

या रंगाचा वाटाण्याएवढा गोळा टर्पेंटाइनमध्ये कालवून अगदी पातळ करायचा. बारीक ब्रशचं टोक त्यात बुडवायचं आणि एखाद्या बोल्टच्या मुळाशी नुसतं टेकवायचं. ओढायचं नाही. थेंब आपला आपण निघतो. बोल्टला वळसा घालतो, पत्र्याच्या सांध्यात शिरतो, सांध्यातून सरळ धावतो, झाकणाच्या बिजागरीपाशी क्षणभर अडतो, तिला ओली करतो आणि पुढच्या कोपऱ्यात जाऊन थांबतो. आपण फक्त बघायचं. थोड्या वेळानं टर्पेंटाइन उडून गेलं की सुक्या ब्रशनं वरवरचा रंग टिपून घ्यायचा, खाचेतला राहतो. मघापर्यंत जो सपाट हिरवा ठोकळा होता त्यातून कड्या, स्क्रू, बिजागऱ्या, जोडाच्या रेघा एकेक करून वर येतात. हा थेंब धावतो तेवढा वेळ मला फोन घ्यायला सांगू नये, एवढी एकच सवलत मी घरात मिळवली आहे.

मळवण्याच्या शास्त्रातला माझा गुरू एक गलाईवाला आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. दक्षिणेत तर सराफकट्टा आहे आणि तिथे विट्याकडचं मराठी ऐकू येत नाही, असं सहसा होत नाही. आमचे शेठही तिकडचेच. अशोका रोडच्या मागच्या बाजूला त्यांची भट्टी आहे. रणगाडा त्यांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात टीव्हीवर पाहिला असेल तेवढाच. पण धातू कुठे काळवंडतो, कुठे झिजतो, कुठे ओल धरतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. एका रविवारी चहाला आले, माझा शर्मन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले,

"साहेब, ह्यो गंज कुठनं आला?"

"म्हणजे?"

"म्हंजी पाणी कुठनं आलं? गंज काय मनाला यील तितं धरत न्हाई. पाणी जितं थांबतंय तितं धरतोय. ह्या उभ्या पत्र्यावर पाणी थांबंल का? आन् ही वरची खाच बगा, हितं समदं पाणी साचणार, तर हितं तुमी कोरडंच ठेवलंय."

तेव्हापासून दर डागाला मी हाच प्रश्न विचारतो: कुठनं आला? आणि उत्तर नसेल तर डाग पुसतो. हे एकदा अंगवळणी पडलं की रणगाडा वाचता येतो. झाकणाच्या कडेचा रंग उडालेला असतो, कारण तिथून बूट घालून माणसं चढतात-उतरतात. इंधनाच्या बुचाभोवती काळपट, चिकट डाग असतो, कारण घाईत भरताना सांडतं आणि सांडलेल्यावर धूळ बसते. सायलेन्सरला खरा गंज असतो, कारण तापून तापून तिथला रंग जळालेला असतो. पट्ट्याच्या कड्या बाजूनं मातकट, पण जमिनीला घासतो तो भाग चकचकीत. त्यासाठी मी ६बी पेन्सिलीचं शिसं बोटानं चोळतो आणि पोलाद तयार होतं. उभ्या पत्र्यावर पावसाचे ओघळ. बुडाशी चिखल, आणि त्या चिखलातही फरक: कालचा वाळून फिका पडलेला, आजचा ओला, गडद. ओल्यावर वाळलेला कधी बसत नाही.

बरं, सगळीकडे गंज असतो असंही नाही. या छंदात गंजवेडे पुष्कळ. त्यांचे रणगाडे समुद्राच्या तळाशी पन्नास वर्षं काढून आल्यासारखे दिसतात. लढाईतल्या रणगाड्याला एवढं गंजायला सवड मिळत नाही. एक तर तो चालता असतो, म्हणजे माणसं त्याची निगा राखत असतात, किंवा मग तो संपलेला असतो. शिवाय फौजेतला हवालदार गंज दिसला की काय करतो ते कुणाही निवृत्त जवानाला विचारावं. खऱ्या रणगाड्यावरच्या पोरांचं निम्मं आयुष्य तो धुण्यात जातं, आणि आम्ही इकडे हौसेनं चिखल लावतो.

रंगालाही असंच कारण असतं. १९४३ च्या फेब्रुवारीत जर्मनांनी रणगाडे कारखान्यातूनच गडद पिवळ्या रंगात काढायचं ठरवलं. वरचे हिरवे आणि तांबूस तपकिरी पट्टे मारायचे ते पलटणीनं, आणि त्यासाठी डब्यातून लगदा यायचा. पेट्रोलमध्ये कालवलात तर रंग पक्का बसायचा, पाण्यात कालवलात तर पावसात धुऊन जायचा. पण १९४४ उजाडेपर्यंत पेट्रोल गाडीत घालायलाच पुरेना, रंगात कुठलं घालतात? तेव्हा एखाद्या पँथरवरचे पट्टे मी मुद्दाम विटके, अर्धवट धुपलेले दाखवतो तेव्हा त्या विटकेपणात जर्मनीच्या तेलटंचाईचा वाटा असतो. हे पाहुण्यांना समजावून सांगायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

टवके उडवण्यासाठी हेअरस्प्रे लागतो. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर वरचा हिरवा. मग कोमट पाण्यात भिजवलेला राठ ब्रश घेऊन हलके घासायचं. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि हिरव्याचे पापुद्रे सुटून खालचा गंज दिसतो. युक्ती अप्रतिम आहे. फक्त हेअरस्प्रे विकत आणावा लागतो. देवराज अर्स रोडवरच्या दुकानातल्या मुलीनं बाटली हातात दिली, माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि अतिशय अदबीनं विचारलं, "मॅडमना हवाय का, सर?" मी हो म्हणालो. हिरव्या रणगाड्याला हवाय असं सांगण्याइतकं माझं कन्नड सुधारलेलं नाही, आणि सुधारलं तरी सांगेन असं वाटत नाही.

मातीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. चामुंडी डोंगराच्या पायथ्याची माती तांबडी, देखणी, आणि फुकट. चहाच्या गाळणीतून गाळा, मग मलमलीतून गाळा, तरी एक मिलिमीटरचा खडा राहिलाच तर तो पस्तीसपट होऊन साडेतीन सेंटिमीटरचा धोंडा होतो. समजा तोही सुटला. पण ही माती लावायची कुणाला? नॉर्मंडीच्या शर्मनला चामुंडीची माती चालत नाही. पंजाबातल्या लढायांना लागते ती गाळाची, करडी-भुरी. नगरजवळच्या खारे-कर्जुने रेंजवर आपले रणगाडे गोळीबाराचा सराव करतात, तिथल्या मुलखातली काळी माती एका भाच्यानं फरसाणाच्या डब्यातून पाठवली. ती मी केशर जपावं तशी जपून वापरतो. तांबड्या मातीची बरणी मात्र भरलेलीच आहे. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्याला माती कुठली हा प्रश्न पडत नसे. अंगणातली घेतली, कालवली, की तीच रायगडाची आणि तीच सिंहगडाची.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. इथे तिला आयुधपूजा म्हणतात, आणि ती म्हैसुरात जशी होते तशी मी कुठे पाहिली नाही. राजवाड्यात तलवारी, पट्टाचा हत्ती, पट्टाचा घोडा, राजघराण्याच्या मोटारी यांची पूजा. बाहेर सगळ्या गावाच्या वाहनांची. बस, रिक्षा, स्कूटर, शाळकरी पोरांच्या सायकली, एकूण एक धुतलेल्या. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, बॉनेटवर गंध. चाकाखाली लिंबू ठेवून चिरडायचं आणि कोहळ्यात कुंकू भरून तो रस्त्यावर फोडायचा. त्या दिवशी सबंध गावात मळकं वाहन एकच असतं, ते माझ्या टेबलावर.

वरच्या मजल्यावरच्या अज्जी आमच्या गाडीला कुंकू लावायला ताट घेऊन खाली आल्या होत्या. दार उघडं होतं, त्यांना टेबल दिसलं. "इदू गाडीने अल्वा?" त्यांनी विचारलं. हीसुद्धा गाडीच ना? त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. वाहन तर आहेच, शिवाय आयुधही आहे; ज्या सणात दोन्ही पुजायची त्या सणाला याच्याइतका हक्काचा मानकरी कोण? पण मळलेल्या वाहनाची पूजा करायची नसते, म्हणून अज्जींनी ओलं फडकं उचललं. मी "अज्जी, बेडा, बेडा" करत आडवा आलो. चिखल मुद्दाम लावला आहे, त्याला फार दिवस लागले आहेत, हे मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगत होतो आणि अज्जी माझ्या बायकोकडे करुणेनं पाहत होत्या.

अखेर तह झाला. धुवायचा नाही, पण बाकी सगळं करायचं. बुरुजावर कुंकवाचं बोट टेकलं. तोफेच्या नळीत मोगऱ्याचं एक फूल अडकवलं. मग अज्जींनी गंभीरपणे पट्ट्यापुढे लिंबू ठेवलं. पस्तीसच्या हिशेबानं ते लिंबू दीड मीटरच्या आसपास भरत होतं, जवळजवळ बुरुजाच्या बुडापर्यंत पोचणारं. शर्मन त्याच्यापुढे थबकून उभा. चिरडणं तर राहोच, त्याला वळसा घालून जाता आलं असतं तरी खूप झालं. ते कुंकू मी अजून पुसलेलं नाही. बाकीचा मळ माझ्या मनाचा. त्या रणगाड्याच्या आयुष्यात खरोखर घडलेली गोष्ट तेवढी एक आहे. पुढच्या नवरात्रात अज्जींना तो गोंबे हब्बाच्या, म्हणजे बाहुल्यांच्या सणाच्या, पायऱ्यांवर, लाकडी राजा-राणीच्या खाली मांडायचा आहे. अट तीच, धुऊन.

डागांच्या बाबतीत म्हैसूरचा हात कुणी धरू शकत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. विजयादशमीची मिरवणूक जिथे संपते त्या बन्नीमंटपात म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निशचा कारखाना आहे, म्हैसूरचे राजे नालवडी कृष्णराज वडियारांनी १९३७ साली सुरू केलेला. मतदाराच्या बोटाला लागते ती शाई १९६२ च्या निवडणुकीपासून इथेच बनते. तीत सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडी आणि उजेड मिळाला की ते असं काही धरतं, की साबण-तेल काही चालत नाही. देशभराला न पुसणारा डाग पुरवणाऱ्या या गावात माझे डाग मात्र टर्पेंटाइनच्या एका बोळ्यानं निघतात.

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेलं. आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळा त्याच गावात असल्यामुळे ते तिथे असणं ओघानंच आलं. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शर्मन, पॅटन, आपला विजयंता, सगळे उघड्यावर झाडाखाली उभे. मी पहिल्यांदा गेलो तो मळ बघायला. वही काढून तयारीत होतो. पण छावणीची शिस्त ती! झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, वाटेकडेच्या दगडांना चुना, आणि रणगाड्यांना ताजा रंग, इतका ताजा की एकेकाला हात लावायचा धीर होईना. ओघळ नाही, टवका नाही, चिखलाचा तर प्रश्नच नाही. खऱ्यांच्या त्या रांगेत उभं राहून मला माझा वीतभरही नसलेला शर्मन जास्त खरा वाटायला लागला. फुशारकी आहे, पण वाटलं खरं.

पॅटनपुढे मात्र रेंगाळलो. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या सैन्यानं शेतांत पाणी सोडलं, आणि शत्रूचे त्या काळातले हे नावाजलेले रणगाडे उसाच्या रानात रुतले. आपले अब्दुल हमीद जीपवरच्या तोफेनं त्यांना गाठत होते ते याच लढाईत. म्हणजे त्या पॅटनचं मॉडेल करणाऱ्यानं चिखल शोभेसाठी लावायचा नाही. तिथे चिखल हा लढणाऱ्यांपैकी एक आहे. किती खोल, कुठपर्यंत, कोणत्या बाजूनं जास्त, याला शेठसारखं कुणी तरी जाब विचारणारं हवं.

एक सेंच्युरियन माझ्या कपाटात गेली काही वर्षं तसाच उभा आहे, हिरवा आणि स्वच्छ. पूना हॉर्सचा. १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहानंतर पुण्यात उभी राहिलेली ही पलटण. १९६५ ला तारापोर आणि १९७१ ला अरुण खेत्रपाल, असे दोन परमवीर तिच्या नावावर आहेत. खेत्रपालांच्या सेंच्युरियनचं नाव 'फामागुस्ता'. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत तो पेटला, सोडून बाहेर येण्याचा हुकूम आला, आणि एकवीस वर्षांचा तो सेकंड लेफ्टनंट आला नाही. तो रणगाडा पुढे दुरुस्त होऊन नगरलाच ठेवलेला आहे. मी नाव रंगवलं, क्रमांक रंगवला, खाचांत पातळ रंगाचा थेंबही सोडला. मग काजळीचा काळा रंग बशीत काढला आणि ब्रश धुऊन ठेवला. इतर रणगाड्यांच्या डागांना मी कारण शोधतो. इथे प्रत्येक डागाचं कारण माहीत आहे. बायको त्या कपाटावरून फडकं फिरवते तेव्हा हाही पुसते, आणि मी काही बोलत नाही.

आता मला नवं काम सुचलं आहे. २० मार्च २०२४ ला म्हैसुरातल्या बीईएमएल कंपनीच्या इंजिन विभागात रणगाड्यासाठी देशात तयार झालेलं १५०० अश्वशक्तीचं इंजिन पहिल्यांदा चालवून पाहिलं. म्हणजे मी इकडे विनाइंजिनाचे रणगाडे मळवत असताना त्याच गावात विनारणगाड्याचं इंजिन धडधडत होतं. चाचणीच्या चौथऱ्यावर बसवलेलं इंजिन, भोवती नळ्या आणि वायरी, असा देखावा करावा असं मनात आहे. चिखल नाही, धूळ नाही, शिवाय मालमसाला म्हैसूरचा. म्हटलं, या खेपेला घरातूनही हरकत येणार नाही. शेठना भट्टीवर जाऊन बातमी वाचून दाखवली. त्यांनी मूस उतरवून ठेवली, हात पुसले, ऐकून घेतलं.

"बंद खोलीत चालवलं म्हंता?"

"हो."

"मग धूर कुठनं काढला?"

मी पुन्हा बातमी वाचली. त्यात ते नव्हतं.

"आदी ते बगा," शेठ म्हणाले, "मग रंगाची डबी उघडा."